डायव्हिंग करताना दिसलेला लायनफिश कितपत धोकादायक असतो?

प्रश्न
अंदमानात स्वराज द्वीपजवळ (पूर्वीचे हॅवलॉक) स्कूबा डायव्हिंग करताना प्रवाळाच्या कपारीत तांबड्या-पांढऱ्या पट्ट्यांचा, पिसाऱ्यासारखे पर पसरलेला अतिशय देखणा मासा दिसला. आम्ही जवळ गेलो तरी तो जागचा हलला नाही. प्रशिक्षकांनी मात्र तत्काळ मागे सरकण्याची खूण केली. वर आल्यावर तो विषारी लायनफिश असल्याचे समजले. हा मासा स्वतःहून अंगावर येतो का, आणि पाण्याखाली त्याचा काटा लागल्यास काय करावे?

प्रतिसाद १
तो सहसा अंगावर येत नाही. त्याचे विष शिकारीसाठी नसून केवळ बचावासाठी असते. लहान मासे तो पर पसरून कोंडीत पकडतो आणि सरळ गिळतो. विषारी काटे एकूण 18 असतात: पाठीवर 13, पोटाखालच्या दोन परांना एकेक आणि शेपटीच्या अलीकडे खालच्या बाजूला 3. आपल्याला मोहवणारे छातीजवळचे मोठे पर मात्र निर्विष असतात. काट्यावर पातळ त्वचेचे आवरण असून काटा रुतताच ते मागे सरकते आणि काट्याच्या खोबणीतील ग्रंथींमधले विष जखमेत उतरते. या संरक्षणामुळेच तो माणसाला पाहून पळत नाही. म्हणून अंतर राखण्याची जबाबदारी पूर्णपणे आपली आहे, आणि ज्यांचा तरंगण्यावर अजून ताबा बसलेला नाही त्यांनी कपारीला हात टेकवून तोल सावरणे कटाक्षाने टाळावे.

प्रतिसाद २
निरोगी माणसाचा या विषाने मृत्यू होणे अत्यंत दुर्मीळ आहे, परंतु वेदना भयंकर असतात, आणि माझ्या मते खरा धोका त्या वेदनेने घाबरून झपाट्याने वर येण्यात आहे, कारण त्यामुळे फुप्फुसांना इजा होऊ शकते. सोबत्याला खूण करून, श्वास न रोखता, नेहमीच्या सावकाश गतीनेच वर यावे. बोटीवर वरवर दिसणारे काट्याचे तुकडे काढून जखमी भाग 30 ते 90 मिनिटे गरम पाण्यात बुडवून ठेवावा. विषातील प्रथिने उष्णतेने निकामी होतात आणि वेदना कमी होते. जखमेला चिरा देऊ नये, वर घट्ट पट्टी आवळू नये. श्वास लागला, चक्कर आली किंवा सूज वाढत गेली तर विनाविलंब रुग्णालय गाठावे; धनुर्वाताच्या लशीबाबतही डॉक्टरांना विचारावे.

प्रश्नकर्ता
मनःपूर्वक आभार. बोटीवर तापमापक नसेल तर पाणी किती गरम असावे हे कसे ओळखावे?

प्रतिसाद २
सुमारे 45 अंश सेल्सिअस पुरते. जखमी हाताला भाजत असल्याचे वेदनेमुळे कळत नाही, म्हणून पाणी आधी न दुखावलेल्या हाताने तपासावे आणि त्या हाताला सोसेल तितकेच गरम ठेवावे.

प्रतिसाद ३
एक भर घालतो. रात्रीच्या डायव्हिंगमध्ये हा मासा आपल्या विजेरीच्या उजेडात शिकार करण्यासाठी पुष्कळदा मागोमाग येतो, त्यामुळे वळण्यापूर्वी मागे आणि खाली अवश्य पाहावे. अमेरिकेत फ्लोरिडाजवळ तो 1985 मध्ये प्रथम आढळला, आणि पुढे कॅरिबियन समुद्रात इतका फोफावला की तेथे त्याला भाल्याने मारून खाण्यास उत्तेजन दिले जाते. त्याचे मांस विषारी नसते. आपल्या समुद्रात मात्र तो मूळचाच रहिवासी आहे, त्यामुळे येथे त्याला मारण्याचे काहीही कारण नाही.