मदत हवी आहे : ‘युपस’ला मराठीत काय म्हणू?

नमस्कार मंडळी. फोंड्याला घरी बसून एका जुन्या इंग्रजी लेखाचं भाषांतर करतोय आणि एका शब्दापाशी गाडी अडली आहे. लेखक एका भ्रष्ट संस्थेला ‘युपस ट्री’ म्हणतो. (मुलीने ते ‘उपास’ वाचलं, घरात हसू.)

शोधलं तेव्हा कळलं, मलय भाषेत ‘उपास’ म्हणजे विष. झाड जावा बेटाकडचं, चीक बाणांना लावायचे. १७८३ साली लंडनच्या एका मासिकात कुणीतरी ठोकून दिलं की या झाडाच्या आसपास कित्येक मैल काही जगत नाही. शुद्ध थाप! पण इंग्रजीत अर्थ चिकटला तो चिकटलाच: आजूबाजूचं सगळं नासवणारी व्यक्ती किंवा सत्ता.

गंमत म्हणजे हेच झाड आपल्या सह्याद्रीतही आहे, चांदकुडा. पूर्वी याची साल ठोकून पोती करायचे. म्हणजे सावलीने माणसं मरत नव्हती हे उघडच आहे.

आता अडचण. ‘विषवृक्ष’ मला पुस्तकी वाटतो. ‘विषवल्ली’ वेल झाली, शिवाय ती गुपचूप पसरते. इथे मुद्दा सावलीचा आहे. ‘काजरा’ लिहावा तर तो गोव्यात कळेल, पण झाड वेगळं आणि विष बियांत. ‘त्याची सावलीही नको’ असं वाक्यात फिरवू का? की ‘युपस’च ठेवून तळटीप देऊ?

आणि सत्तरी, काणकोणकडच्यांनो, तुमच्याकडे चांदकुड्याला काय म्हणतात? शनिवारपर्यंत मजकूर द्यायचा आहे.