किड्याचंही स्मारक असतं

स्लोव्हाकियाची राजधानी ब्रातिस्लाव्हात गटाराच्या झाकणातून डोकावणाऱ्या माणसाचा पुतळा आहे. त्यावरून कुणीतरी विचारलंय, असले पुतळे निव्वळ गंमत म्हणूनच उभारतात का? मला नाही तसं वाटत.

अमेरिकेत अलाबामातल्या एंटरप्राइज गावात भर चौकात कापसावरच्या सोंडकिड्याचं स्मारक आहे, १९१९ पासून. किड्याने बोंडं पोखरली, कापूस बुडाला, शेतकरी भुईमुगाकडे वळले आणि त्यातच गाव वर आलं. म्हणून गावाने आभार मानले ते त्या किड्याचे! दोन्ही हात उंच करून उभी असलेली बाई, आणि तिच्या हातांवर भलाथोरला किडा. (किडा नंतरचा, १९४९ मध्ये बसवलेला.) हुमणीने मुळं खाल्लेला ऊस ज्याने पाहिलाय, त्याला या गावाच्या मनाचा मोठेपणा कळेल.

आणि आपल्या कोल्हापूरचं विसरू नका. खरी कॉर्नरला कॅमेऱ्याचा मानस्तंभ आहे, चित्रपटकार बाबूराव पेंटरांनी इथेच घडवलेल्या देशी कॅमेऱ्याची आठवण म्हणून. माणसांचे पुतळे गावोगावी असतात. यंत्राला असा मान देणारं गाव विरळाच. पाहुण्यांना अंबाबाई आणि रंकाळा दाखवता, तसं तिकडेही घेऊन जा.