मदत हवी आहे : नृत्यातून शिकलेले वहीपर्यंत कसे पोहोचवावे?

नमस्कार. मी सहावीला गणित आणि विज्ञान शिकवते आणि काही महिन्यांपासून त्यातील निवडक घटक नृत्याच्या हालचालींतून शिकवून पाहत आहे. लसावि (लघुतम साधारण विभाज्य, म्हणजे दिलेल्या संख्यांनी पूर्ण भाग जाणारी सर्वांत लहान संख्या) शिकवण्यासाठी मी वर्गाचे दोन गट केले. एकाने दर 3 मात्रांनी टाळी वाजवायची, दुसऱ्याने दर 4 मात्रांनी पाय आपटायचा, आणि 12व्या मात्रेला दोन्ही आवाज एकत्र आले तेव्हा मुलांच्या चेहऱ्यांवर जो आनंद उमटला, तो फळ्यावरच्या उदाहरणांनी मला क्वचितच दिला आहे. पदार्थाच्या अवस्था शिकतानाही मुले रेणू होऊन स्थायूत जागच्या जागी कंप पावली, द्रवात एकमेकांजवळून सरकली आणि वायूत खोलीभर पसरली.

अडचण पुढे येते. हीच मुले 6 आणि 8 यांचा लसावि 24 ऐवजी 48 लिहितात. 3 आणि 4 यांना 1 शिवाय सामाईक विभाजक नसल्याने तिथे लसावि आणि गुणाकार एकच येतो, म्हणजे उदाहरणाची माझी निवडच सदोष होती, असे आता वाटते. पुढच्या वेळी 4 आणि 6 घेणार आहे.

तरीही मूळ प्रश्न उरतो : हालचाल संपल्यावर लगेच लेखन घ्यावे, की मध्ये चर्चा किंवा चित्र असावे? लाजणाऱ्या मुलांना आणि चाकांची खुर्ची वापरणाऱ्या एका विद्यार्थ्याला केवळ ताल मोजण्याचे काम न देता रचनेत खरा वाटा कसा द्यावा? ज्यांनी वर्गात किंवा वस्तीतील मुलांसोबत असे काम केले आहे, त्यांनी आपला अनुभव कृपया सविस्तर लिहावा.