मदत हवी आहे: क्योतोची देवळं आई-बाबांबरोबर पायी बघायची आहेत, गुडघ्याला झेपेल असा रस्ता सुचवा

रानजाई

नमस्कार मंडळी,

नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात आई-बाबांना घेऊन क्योतोला जातेय. तिकिटं झाली, मुक्काम क्योतो स्टेशनजवळच ठरला. फिरायचं कसं, एवढ्यावरच सगळं अडलंय.

आई सत्तरीला टेकलीये. सपाट रस्त्यावर अजूनही सहा-सात किलोमीटर सहज चालते. पालखीबरोबर पुण्याहून सासवडपर्यंत जाणारी बाई आहे ती. पण पायऱ्या आल्या की उजवा गुडघा धरतो, आणि चढताना कमी, उतरताना जास्त. बाबांना चालण्याचं काही वाटत नाही. त्यांचं खाणं मात्र जपावं लागतं. पक्के शाकाहारी, माशाचं पाणीसुद्धा चालत नाही.

आईचं म्हणणं एकच: एका देवळातून दुसऱ्या देवळात चालत जायचं. गाडीतून दारात उतरा, फोटो काढा, पुन्हा गाडीत बसा, हे तिला नको आहे. "मधला रस्ता बघायचाय मला," म्हणते. मलाही ते मनापासून पटलंय. हजारावर वर्षं राजधानी असलेलं गाव, पूर्वेच्या डोंगराच्या पायथ्याशी हिगाशियामात देवळाला देऊळ लागून. तिथे चालायचं नाही तर कुठे?

मी वाचून-बघून केलेला बेत असा: सकाळी सहाला कियोमिझु-देरा, मग सान्नेनझाका आणि निनेनझाकाच्या पायऱ्या उतरून यासाका देऊळ, पुढे चिओन-इन, शोरेन-इन, नानझेन-जी, कालव्याकाठचा 'तत्त्वज्ञांचा रस्ता' आणि संध्याकाळी गिन्काकु-जी. सगळ्या व्हिडिओंत हाच क्रम दिसतो, पण सुरुवातच उतारावरच्या पायऱ्यांनी होते म्हणून धाकधूक वाटते. हे एका दिवसात कोंबणं बरोबर आहे का? दुसऱ्या बाजूने चाललं तर? फुशिमी इनारीचा डोंगर आईने बघायचाच नाही का? आणि बाबांच्या जेवणाचं काय? कुणी वडीलधाऱ्यांना घेऊन गेलं असेल तर प्लीज सविस्तर लिहा.

---

डोंगरवाट

ओसाकात राहतो, माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला क्योतोला नेतो. तुमची धाकधूक योग्य आहे. एका दिवसात हे करू नका. अंतर फार नाही, इकडेतिकडे धरून सहा किलोमीटरच्या आसपास. पण देवळाच्या आतलं चालणं त्यात धरलेलं नसतं, आणि थकवा खरा तिथेच येतो. शिवाय नोव्हेंबरअखेर पावणेपाचच्या सुमारास सूर्य मावळतो. रात्रीच्या खास रोषणाईची देवळं सोडली तर बाकीची चार-साडेचारलाच आत घेणं बंद करतात.

आता क्रम. व्हिडिओतला क्रम उलटा करा. यासाका रात्रंदिवस उघडं असतं आणि तिकीट नाही. सकाळी सहाला टॅक्सीने तिथे उतरा. कंदिलांचा नृत्यमंच बघा, मग दक्षिणेकडे नेने-नो-मिची या फरसबंद, सपाट गल्लीने निघा. जपानचा सोळाव्या शतकातला सत्ताधीश हिदेयोशी, त्याची विधवा नेने हिने १६०६ मध्ये नवऱ्यासाठी कोदाई-जी बांधलं, तिच्याच नावाची ही गल्ली. कोदाई-जी तेव्हा उघडलेलं नसेल, खंत करू नका. पुढे निनेनझाका, मग सान्नेनझाका. या दिशेने दोन्हीकडे पायऱ्या चढायच्या असतात, उतरायच्या नाहीत. दुकानं बंद, रस्ता मोकळा, दर दहा पावलांवर थांबलात तरी मागून कुणी रेटत नाही. सात-साडेसातला तुम्ही कियोमिझुत असाल. परत येताना गोजोझाकाच्या बाजूने टॅक्सी बोलवा आणि खाली या. आईंचं चालणंही झालं आणि उतरणं टळलं.

कियोमिझुच्या आत एक जागा नीट लक्षात ठेवा. तो प्रसिद्ध सज्जा (सध्याची वास्तू १६३३ ची, दरीवर १३ मीटर उंच, खांब एकमेकांत खाचांनी अडकवलेले) बघून झाला की लगेच समोर एक लांबलचक दगडी जिना थेट ओतोवाच्या झऱ्याकडे उतरतो. बहुतेक लोक तिकडेच वळतात. तुम्ही वळू नका. ओकु-नो-इन या आतल्या देवळावरून सरळ पुढे चालत राहा. रस्ता झाडीतून कोयासूच्या छोट्या पॅगोडाकडे वळसा घेतो आणि हळूहळू उतरत त्याच झऱ्यापाशी येतो. पाच-दहा मिनिटं जास्त लागतील, पण सज्जा त्याच्या सगळ्या खांबांसकट दिसतो तो याच वळणावरून. झऱ्याला तीन धारा आहेत, लांब दांड्याच्या पळीने एकीचंच पाणी घेतात. तिन्हींचं घेणं हावरटपणाचं मानतात.

चिओन-इन आणि शोरेन-इन दुसऱ्या वेळेला ठेवा. चिओन-इनच्या सान्मोनमधून (१६२१ चं, २४ मीटर उंच दार) आत गेलं की समोर अंगावर येणारा जिना आहे. त्याच्या उजवीकडून कमी चढाची वाट निघते, आईंना तिकडून न्या.

---

कैरीची_डाळ

जेवणाबद्दल लिहिते, कारण आम्ही घरचे सगळे माळकरी आणि हा प्रश्न आमचाही होता.

इथे दाशी म्हणजे रशाचं मूळ पाणी, ते बहुतेक ठिकाणी कात्सुओबुशीचं, म्हणजे सुकवलेल्या माशाच्या किसाचं असतं. उदोन आणि सोबा या शेवया, मिसो सूप, भाजीसुद्धा त्यात शिजते. त्यामुळे "मांस नको" म्हटलं की भागत नाही. "कात्सुओ नको, कोंबूची दाशी चालेल" असं जपानीत लिहून घेऊन दाखवा. कोंबू म्हणजे समुद्री वनस्पती. नानझेन-जीच्या आसपास युदोफु मिळतं, कोंबूच्या पाण्यात उकळलेलं तोफू. तेही बाबांना चालेल, पण बुडवायच्या सॉसबद्दल विचारूनच. इनारीझुशी (तोफूच्या पिशवीत भरलेला भात) दिसायला निर्धोक वाटते, पण तिचं तोफूचं आवरण सहसा दाशीतच मुरवतात.

बिनघोर जेवायचं असेल तर शोजिन र्योरी, मठातलं जेवण. त्यात मासा नाहीच, कांदा-लसूणही नाही. शहराच्या पश्चिमेला आराशियामात तेन्र्यू-जी देवळाच्या आवारात शिगेत्सु म्हणून जागा आहे, दुपारचं जेवण मिळतं. त्या दिवसांत गर्दी असते, आधी बुकिंग करा. चालता चालता तोंडात टाकायला यात्सुहाशी: तांदळाच्या पिठाची दालचिनी घातलेली पारी, आत गोड सारण.

---

रानजाई

डोंगरवाट, किती बारकाईने लिहिलंत! कोयासूच्या वळणाचं कुठेच वाचलं नव्हतं. कैरीताई, जपानी वाक्य फोनमध्ये टाकून ठेवते. आता उत्तरेकडच्या भागाबद्दल सांगा ना: नानझेन-जी ते गिन्काकु-जी. आणि फुशिमी इनारी?

---

डोंगरवाट

उत्तरेकडचा रस्ता आईंसाठीच केल्यासारखा आहे. सकाळी साडेआठला गिन्काकु-जी उघडतं, तिथे टॅक्सीने जा आणि दक्षिणेकडे चालत या. आतल्या बागेची वाट मागच्या टेकडीवर चढून उतरते, तेवढं सावकाश घ्या. मग कालव्याकाठचा सुमारे दोन किलोमीटर रस्ता जवळजवळ सपाट आहे. तत्त्वज्ञ निशिदा कितारो इथून रोज फिरायचे म्हणून ते नाव. वाटेत होनेन-इनचं गवताने शाकारलेलं दार आहे, चार पावलं आत वळा. दाराच्या आत दोन्ही हातांना वाळूचे पसरट ढिगारे असतात आणि त्यांवर ऋतूनुसार रेखाटलेली नक्षी.

रस्त्याच्या शेवटी एइकान-दो. शरदात फी वाढते आणि गर्दीही होते, पण हे देऊळ टाळू नका. इथली अमिदाची (आपला अमिताभ बुद्ध) मूर्ती जेमतेम पाऊण मीटरची आहे आणि मान वळवून डाव्या खांद्यावरून मागे बघते आहे. कथा अशी: १०८२ सालच्या थंडीत योकान नावाचा भिक्षू नामजप करत मूर्तीभोवती प्रदक्षिणा घालत होता. पहाटे अमिदा स्वतः आसनावरून उतरला आणि त्याच्या पुढे चालू लागला. योकान चकित होऊन जागीच थांबला, तेव्हा अमिदाने मागे वळून म्हटलं, "योकान, मागे राहिलास." मूर्ती समोरून बघून लगेच निघू नका, बाजूला जाऊन उभे राहा, तिथून चेहरा दिसतो. आतल्या लाकडी ओवऱ्यांना जिने आहेत आणि चपला काढाव्या लागतात, त्यामुळे जाड मोजे हवेतच. तिथून नानझेन-जी जवळ आहे, आवार फुकट आणि सपाट. शेवटी केआगे स्टेशनवरून सबवेने परत.

फुशिमी इनारी जरूर करा, फक्त शिखराचा (२३३ मीटर) हट्ट नको. क्योतो स्टेशनवरून नारा मार्गाची साधी लोकल घ्या, दुसरं स्टेशन इनारी. सेन्बोन तोरीतून, म्हणजे कमानींच्या रांगेतून, ओकुशा या आतल्या देवळापर्यंतचा चढ सौम्य आहे. जाताना कमानी नुसत्या केशरी दिसतात. ओकुशाहून माघारी फिरलात की खांबांवर काळ्या अक्षरांत दान देणाऱ्याचं नाव आणि तारीख दिसते. बाबांना वाचत बसायला आवडेल.

---

गवतीचहा

पहिला दिवस सपाटीवर काढायचा असेल तर स्टेशनच्या दोन्ही बाजूंची दोन देवळं: तो-जी आणि सान्जूसान्गेन-दो. दोन्हीकडे चालत जाता येतं आणि आपल्या माणसांना तिथे ओळखीचे चेहरे भेटतात. तो-जीच्या व्याख्यानगृहात ताइशाकुतेन म्हणजे इंद्र हत्तीवर, आणि बोन्तेन म्हणजे ब्रह्मदेव चार तोंडांचा, हंसांवर बसलेला. सान्जूसान्गेन-दोच्या १२० मीटर लांब दालनात कान्नोन या करुणेच्या बोधिसत्त्वाच्या १००१ मूर्ती आहेत आणि पुढे २८ रक्षकदेव. त्यांतला गरुड बासरी वाजवतो. बासू नावाचा काठी टेकलेला हडकुळा म्हातारा ऋषी तर माझ्या सासूबाईंनी हात जोडून कितीतरी वेळ बघितला. आत फोटो काढू देत नाहीत.

आणि जिन्जा म्हणजे शिंतो देऊळ असेल तिथे दोनदा वाकून, दोनदा टाळी वाजवून, पुन्हा एकदा वाकतात. बौद्ध देवळात टाळी नाही, नुसता नमस्कार.

---

रानजाई

सगळ्यांचे खूप आभार. बेत बदलला. पहिला दिवस गवतीचहा म्हणतात तसा तो-जी आणि सान्जूसान्गेन-दो. दुसऱ्या दिवशी पहाटे यासाकाहून चढत कियोमिझु, दुपारी विश्रांती, मग जमलं तर चिओन-इन. तिसऱ्या दिवशी गिन्काकु-जी ते नानझेन-जी. इनारी एका सकाळी वेगळं, आराशियामाच्या जेवणाचं बुकिंग आज करतेय. आईला योकानची गोष्ट वाचून दाखवली. तिला एइकान-दोसाठी अर्धा दिवस हवाय, तेव्हा त्या दिवशी शोरेन-इन वगैरे काही घुसवत नाही.

घडीची काठी इथूनच न्यावी की तिकडे घ्यावी, एवढं कुणी सांगितलं की झालं.

---

डोंगरवाट

घरूनच न्या, सवयीची हवी. खाली रबराची टोपी लावा, लाकडी ओवरीत काठी बाहेर ठेवायला सांगतील.