बाग दुपारी उघडी हवी : सोसायटी ग्रुपवरची चर्चा

सचिव (ए विंग): सर्वांना नमस्कार. धुळे शहराच्या मध्यभागी, पाचकंदिलापासून पायी जाता येईल अशा ठिकाणी मोठी बाग करायची चर्चा आहे. आपल्या सोसायटीतर्फे लेखी सूचना द्यायच्या असं मीटिंगमध्ये ठरलंय. ज्याला जे वाटतं ते इथे लिहा, रविवारी पत्र तयार करू. आज दुसरं काही फॉरवर्ड करू नये ही विनंती.

दादा (बी-203): म्युझिकल फाउंटन पाहिजेच. लेझर शो, मुलांना टॉय ट्रेन, एक सेल्फी पॉइंट. धुळ्यात पाहुणे आले तर दाखवायला काहीतरी हवं ना.

काकू (सी-101): फाउंटनच्या आधी शौचालय लिहा. बायकांचं वेगळं, पाणी असलेलं आणि आतून कडी लागणारं.

नाना (ए-102): दादा, कारंज्याला माझा विरोध नाही. पण आधी एवढा विचार करा, मे महिन्यात दुपारी दोन वाजता या बागेत कोण असेल? सकाळी दहाला कुलूप लावून संध्याकाळी पाचला उघडायचं असेल, तर ती फक्त आपल्यासारख्या फिरायला जाणाऱ्यांची बाग झाली. गावाच्या मधोमध एवढी जागा मिळणार असेल तर ती तेवढ्यासाठी घालवू नये.

साक्री, शिंदखेडा, शिरपूरकडची माणसं रोज कोर्टकचेरीला, दवाखान्यात, बाजाराला येतात. काम बाराला उरकतं आणि गाडी असते साडेतीनची. मधला वेळ ही माणसं कुठे काढतात ते एकदा बघा. दुकानाच्या पायरीवर बसतात, तिथून उठवलं की रिक्षा स्टॉपच्या निंबाखाली जातात. सावली जशी सरकते तशी ती सगळी मंडळी पिशव्या उचलून सरकत असतात. बाया तिथेच फडकं सोडून कळण्याची भाकरी खातात, पोराला मांडीवर निजवतात. पारा 43-44 वर असतो तेव्हा त्या एका झाडावर किती माणसं जगतात! बाग त्यांच्यासाठी करा. आपण सकाळी कुठेही फिरू.

काकू (सी-101): नाना, अगदी मनातलं बोललात. माझी बहीण गावाकडून तपासणीला येते तेव्हा हेच हाल.

आबा (ए-001): बाग करा भाऊ, पन पानी कोठेन लयशात? झाड लावं त्यानी पानीबी घालं पाह्यजे.

इंजिनिअर भाऊ (सी-302): आबांचा प्रश्न बरोबर आहे, हिशेब मांडतो. जागा दहा एकर धरू. त्यातली निम्मी म्हणजे पाच एकर लॉन केली आणि उन्हाळ्यात रोज फक्त सहा मिलिमीटर पाणी दिलं, तरी एकरी 24 हजार लिटर लागतात. पाच एकरांना रोज एक लाख वीस हजार लिटर, म्हणजे दहा हजारी टँकर बारा. शहरात माणशी दिवसाला 135 लिटर हे प्रमाण धरतात. त्या हिशेबाने जवळजवळ नऊशे माणसांचं पाणी रोज गवतावर जाईल. उन्हाळ्यात आपण स्वतः टँकर मागवतो, हे विसरू नका.

दादा (बी-203): मग काय लॉनच नको? हिरवळ नसेल तर बाग कसली?

इंजिनिअर भाऊ (सी-302): थोडी ठेवा, मुलांना लोळायला एखादा एकर. बाकी सगळी झाडं, आणि त्यांना ठिबक. सांडपाणी शुद्ध करून ते झाडांना वापरता येईल. फक्त ते पाणी फवाऱ्याने उडवायचं नाही, मुलं खेळतात तिथे तर नाहीच. शिवाय आपली माती काळी, निचरा कमी. शुद्ध केलेल्या पाण्यात क्षार असतात, ते साठत जातात. म्हणून चर काढणं आणि पावसाचं पाणी जागेवर मुरवणं हे आराखड्यातच यायला हवं.

ताई (डी-201): मी आर्किटेक्ट म्हणून थोडं लिहिते. आपल्याकडे बाग म्हटली की सगळीकडे पेव्हर ब्लॉक टाकतात, अगदी झाडाच्या बुंध्यापर्यंत. आळंसुद्धा ठेवत नाहीत. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि दोन वर्षांत ते ब्लॉक वर-खाली होतात. म्हातारी माणसं ठेचकाळतात. त्यात ग्रॅनाइटचे बाक. चार वाजता त्यावर हात ठेवून बघा, बसणं सोडाच. लोखंडी घसरगुंडीचं तेच. एप्रिलमध्ये माझी मुलगी घसरगुंडीवर बसली तशी किंचाळून उठली, मांडीला लाल वळ आला होता. खेळणी दाट सावलीत, बाक लाकडी किंवा दगडी ओट्याचे पण झाडाखाली, आणि वाटा शक्यतो मुरमाच्या. व्हीलचेअरसाठी एक पक्की सपाट वाट मात्र सगळीकडे पोचली पाहिजे.

वहिनी (बी-104): झाडं कोणती हेही लिहायला हवं. बहावा लावू ना भरपूर, किती सुंदर दिसतो!

नाना (ए-102): वहिनी, बहावा लावूच, पण कडेला. मी शेती खात्यात होतो, झाडांचा थोडा अभ्यास आहे. बहावा, पळस, सावर ही झाडं फुलतात तेव्हा बहुतेक पानं झडलेली असतात. म्हणजे ऐन चैत्र-वैशाखात डोळ्यांना सुख, पण डोक्यावर ऊन. गुलमोहरही ऊन वाढत असताना बराच काळ निष्पर्ण असतो. बाकांवर आणि वाटांवर आपल्याला मेमध्ये पानं असणारी झाडं हवीत. निंबाचं कसं, फेब्रुवारी-मार्चमध्ये पान गळतं आणि ऊन तापायच्या वेळेला नवी पालवी भरलेली असते. करंजाचंही तसंच. वड, चिंच, जांभूळ यांची सावली बारमाही. जांभळाला पाणी थोडं जास्त लागतं, ते चराच्या बाजूला घ्यावं.

कोनोकार्पस हे परदेशी झाड मात्र एकही नको. झटपट हिरवं दिसतं म्हणून लावतात, पण गुजरातने 2023 मध्ये त्यावर बंदी घातली आहे. रोपं पिशवीत वर्षानुवर्षं राहिलेली घेऊ नयेत, मुळं गोल गुंडाळलेली असतात आणि असं झाड पुढे वादळात आडवं होतं. आणि जागेवर आज जी झाडं आहेत, भले बाभळी असोत, त्यांची आधी नोंद करून नकाशा त्यांच्याभोवती काढावा. आपल्या राज्याच्या 1975 च्या वृक्ष संरक्षण कायद्यात 2021 साली दुरुस्ती झाली, तेव्हापासून 50 वर्षांहून जुनं झाड वारसा वृक्ष मानतात. असं एखादं असेल तर बागेचं मुख्य ठिकाण तेच व्हावं.

दादा (बी-203): नाना, निंब वाढायला सात-आठ वर्षं लागतील. तोवर काय?

ताई (डी-201): तोवर मांडव. लोखंडी सांगाड्यावर वेल चढवायचे, पहिली दोन वर्षं वर शेडनेट. खर्च कारंज्यापेक्षा नक्की कमी.

भाऊ (डी-404): माझा मुद्दा पार्किंगचा. आग्रा रोडला गाडी लावायला जागा नाही. बागेखाली दोन मजली पार्किंग करून टाका, दोन्ही कामं होतील. शिकागोत केलंय तसं.

ताई (डी-201): भाऊ, शिकागोचं मिलेनियम पार्क 2004 ला उघडलं, ते खरंच पार्किंग आणि रेल्वेरुळांवर उभं आहे. पण त्याचा खर्च ठरलेल्या रकमेच्या तिपटीवर गेला. स्लॅबवर वडा-निंबाचं झाड वाढवायचं तर मातीचा मोठा थर, त्याचं वजन, गळती, सगळं सांभाळावं लागतं. एवढा पैसा आपल्याकडे नाही. स्लॅब झाली की वर कुंड्या आणि लॉनच येणार. सावलीचा विषय तिथेच संपतो.

भाऊ (डी-404): म्हणजे गाड्या पुन्हा रस्त्यावर.

इंजिनिअर भाऊ (सी-302): गावातली बाग आहे, बहुतेक लोक चालत येतील. बाहेर रिक्षा थांबा आणि दुचाकीची जागा ठेवू. चारचाकीचा प्रश्न खरा आहे, पण तो बागेच्या जिवावर सोडवू नये असं माझं मत.

कॉलेजची ताई (ए-304): माझं पण घ्या. आठ फुटी भिंत नको. बाहेरून आत दिसलं पाहिजे, नाहीतर संध्याकाळी मुली येणार नाहीत. फाटकं चारही बाजूंना हवीत, म्हणजे लोक येता-जाता बागेतून जातील. वर्दळ असली की भीती वाटत नाही. दिवे उंच खांबावर थोडे लावण्यापेक्षा वाटेच्या कडेला कमी उंचीवर आणि जास्त लावावेत. झाडं वाढली की उंच दिवे पानांत जातात आणि खाली अंधार होतो.

काकू (सी-101): शाब्बास पोरी. 👍

वहिनी (बी-104): आणि त्या जागेच्या कडेला रसवंतीवाले, भुट्टेवाले बसतात, त्यांचं काय? बाग झाली की पहिले तेच हाकलले जातील.

सर (बी-302): वहिनींचा मुद्दा फार महत्त्वाचा आहे. न्यूयॉर्कचं सेंट्रल पार्क सगळे आदर्श म्हणून सांगतात. 843 एकर, 1858 ला स्पर्धा घेऊन आराखडा निवडला, शहराची आडवी वाहतूक खोलगट रस्त्यांवरून नेली म्हणजे बागेतल्या माणसाला गाड्या जाणवू नयेत. हे सगळं कौतुकाचं. पण त्या जागेवर सेनेका व्हिलेज नावाची वस्ती होती, बहुतांश कृष्णवर्णीयांची. त्यांची घरं, चर्च, शाळा 1857 पर्यंत उठवली. बाग सर्वांची म्हणायची आणि सुरुवात कुणाला तरी उठवून करायची, हे आपल्या पत्रात कुठेही मान्य केलेलं नसावं. आज बसणाऱ्या विक्रेत्यांची यादी करून फाटकांजवळ त्यांना जागा द्यावी, असं स्पष्ट लिहू.

दुसरी गोष्टही त्याच बागेची. 1970 च्या दशकात तिची पार दुर्दशा झाली होती, आणि 1980 ला नागरिकांची संस्था उभी राहिली तेव्हा ती सावरत गेली. एवढ्या श्रीमंत शहराची बाग देखभालीवाचून बसली. उद्घाटनाचा खर्च सगळे विचारतात. दहाव्या वर्षाचा माळ्याचा पगार कोण देणार हे कुणी विचारत नाही.

आबा (ए-001): पांझरावरना फड पहा. शेकडो वर्ष चालनात, कारन पाटकरी ठरेल व्हता, त्याले धान्य ठरेल व्हतं, अन पाट साफ कराले बठा गाव ये. बागले पाटकरी कोन?

सर (बी-302): आबा, हेच शब्द पत्रात टाकतो. फड म्हणजे बंधाऱ्याचं पाणी पाटाने वाटून घेऊन केलेली शेती आणि पाटकरी म्हणजे ते पाणी सोडणारा माणूस, एवढं कंसात लिहीन.

इंजिनिअर भाऊ (सी-302): मग असं लिहू : देखभालीची तरतूद बांधकामाच्या अंदाजपत्रकातच दाखवावी, माळी कायम असावेत, आणि आजूबाजूचे रहिवासी, विक्रेते, शाळा यांची समिती दर महिन्याला बागेत बसून पाहणी करेल.

वकीलसाहेब (सी-203): उशिरा वाचलं. कायद्याचं थोडक्यात सांगतो. विकास योजनेत त्या जागेवर 'उद्यान' असं आरक्षण आहे का, हे आधी बघावं लागेल. नकाशाची प्रत मी मागवतो. नसेल तर 1966 च्या नगररचना कायद्याच्या कलम 37 खाली फेरबदल करता येतो, त्यात लोकांच्या हरकती-सूचना मागवाव्याच लागतात. त्या जागेचा काही भाग खाजगी निघाला तर कलम 127 लक्षात ठेवा. योजना मंजूर होऊन 10 वर्षांत जागा घेतली नाही आणि मालकाने नोटीस दिल्यावर 24 महिन्यांतही संपादन झालं नाही, तर आरक्षण गळून पडतं.

आणि एकदा बाग झाली की कोपऱ्यात दुकानं, मग हॉल, मग लग्नाचे लॉन्स असं होत जातं. बंगळुरूत बागेसाठी राखलेली जागा खाजगी रुग्णालयाला दिली होती. रहिवासी कोर्टात गेले आणि 1991 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते रद्द ठरवलं, मुद्दप्पा प्रकरण म्हणतात. त्यामुळे 'लग्नकार्य, प्रदर्शन, सभेसाठी जागा भाड्याने दिली जाणार नाही' हे वाक्य आत्ताच घालू.

दादा (बी-203): नाना, कारंजं सोडतो मी. पण मुलांसाठी पाण्याचं काहीतरी असू द्या. उन्हाळ्यात मुलं पाण्याकडेच जातात.

नाना (ए-102): दादा, जरूर. प्रत्येक फाटकाशी पाणपोई आणि मुलांना पाय बुडवता येईल असा उथळ हौद, त्याचं सांडलेलं पाणी झाडांना. हे तुमच्या नावाने लिहितो.

सचिव (ए विंग): मी कच्चा मसुदा करतो. क्रम असा ठेवतोय : बाग सकाळी पाच ते रात्री नऊ सलग उघडी, दुपारी कुलूप नाही. मग सावलीची झाडं आणि मांडव, पाण्याचा हिशेब, विक्रेते, देखभाल, आरक्षण. चालेल ना?

काकू (सी-101): शौचालय कुठे गेलं?

सचिव (ए विंग): दुसऱ्या क्रमांकावर घेतो काकू.

काकू (सी-101): दुपारी उघडं असेल असंही लिहा. आणि ते झाडायला बाई नेमली तर तिला बसायला खोली हवी. रविवारी मी सही करायला दहा वाजता खाली येते, बाकीच्यांनीही या.