रोमहून एका दिवसात: सिएना की ओर्विएतो?

एकच दिवस असेल तर माझं मत ओर्विएतोला. रोमहून सिएनाला जाताना बहुधा किउसीला गाडी बदलावी लागते आणि एका बाजूलाच तीन तासांच्या आसपास जातात. ओर्विएतोला रोमच्या तेर्मिनी या मुख्य स्टेशनवरून थेट रिजनल (जवळच्या पल्ल्याची) गाडी आहे, साधारण सव्वा ते दीड तास. रिजनलचं भाडं ठरलेलं असतं, त्यामुळे आगाऊ बुकिंगची घाई नको. मात्र कागदी तिकीट चढण्याआधी फलाटाजवळच्या मशीनमध्ये घालून त्यावर तारीख-वेळेचा शिक्का मारून घ्या. तिकीट खरेदी केलेलं असूनही दंड होतो तो इथेच.

गाव तुफा खडकाच्या कड्यावर, स्टेशन पायथ्याशी. स्टेशनसमोरून फ्युनिक्युलर (दोराने ओढली जाणारी, चढावरची छोटी रेल्वे) वर पियात्सा काहेन या चौकात सोडते. सान पात्रित्सिओची विहीर तिथेच आहे, ती चुकवू नका. १५२७ साली रोमची लूट झाल्यावर सातवा क्लेमेंट पोप इथे आश्रयाला आला. वेढा पडला तर पाणी हवं म्हणून वास्तुकार धाकट्या सांगाल्लोकडून त्याने ती बांधवली. खोली सुमारे ५३ मीटर, पायऱ्या २४८. दोन गोल जिने एकमेकांना कुठेच छेदत नाहीत, म्हणजे पाणी आणायला उतरणारं खेचर चढणाऱ्याला आडवं येत नसे. तळाच्या छोट्या पुलावर थांबून वर बघाच. गुडघे दुखत असतील तर वरूनच डोकवा, चढताना दमछाक होते.

कॅथीड्रल दुपारनंतर पाहा. दर्शनी भाग पश्चिमेकडे असल्याने सोनेरी मोझाइक तेव्हाच उजळतं. आत चित्रकार सिन्योरेल्लीच्या भित्तिचित्रांना निदान अर्धा तास द्या. रविवारी सकाळी प्रार्थनेमुळे पर्यटकांना प्रवेश नसतो.