इंडेक्स असूनही ‘आर’ आणि पोस्टग्रेसची जोडणी संथ का होते?

प्रश्न (निपाणी)
आमच्या साखर कारखान्याच्या वजनकाट्यावरील प्रत्येक खेपेची नोंद पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये साठते आणि अनेक हंगामांच्या मिळून त्या कोष्टकात लाखो ओळी झाल्या आहेत. शेती विभाग चिकोडी आणि अथणी भागांतील निवडक सभासदांची यादी एक्सेलमध्ये पाठवतो. ती ‘आर’ या आकडेवारीसाठीच्या संगणकभाषेत घेऊन मी सभासद क्रमांकावर जोडतो, परंतु त्या रकान्यावर इंडेक्स (ओळी लवकर शोधण्यासाठीची सूची) असूनही फार वेळ लागतो, आणि पुष्कळदा मेमरीच संपते.

उत्तर (बेळगाव)
जोडणी नेमकी कुठे होते, हे आधी पाहावे. आपण ‘कलेक्ट’ (डेटाबेसमधील ओळी ‘आर’मध्ये उतरवण्याची आज्ञा) आधी करत असाल, तर संपूर्ण कोष्टक आपल्या संगणकावर उतरते आणि जोडणी ‘आर’च्या मेमरीत होते, तेथे डेटाबेसमधील इंडेक्सला कामच उरत नाही. लहान यादी मोठ्या कोष्टकाकडे न्यावी. ‘आर’मधून डेटाबेस हाताळणाऱ्या डीबीप्लायर पॅकेजच्या ‘कॉपी_टू’ने यादीचे तात्पुरते कोष्टक डेटाबेसमध्येच तयार करा, जोडणी तेथेच होऊ द्या आणि ‘कलेक्ट’ अगदी शेवटी करा. तात्पुरत्या कोष्टकांची आकडेवारी ऑटोव्हॅक्यूम (पोस्टग्रेसची आपोआप चालणारी देखभाल) गोळा करत नाही, म्हणून त्यावर ‘ॲनालाइझ’ ही ती गोळा करणारी आज्ञा चालवणे आवश्यक असते. ‘कॉपी_टू’ ते स्वतःहून करते.

उत्तर (खानापूर)
रकान्यांचे प्रकारही तपासा. काट्याच्या कोष्टकात क्रमांक ‘००४५१२’ असा मजकूर म्हणून असेल आणि एक्सेलमधून तो ४५१२ असा आकडा होऊन आला असेल, तर अनेक जण मोठ्या कोष्टकातील रकान्याचेच आकड्यात रूपांतर करून जोडणी भागवतात. तसे केले की मूळ रकान्यावरील साधा इंडेक्स त्या अटीसाठी निरुपयोगी ठरतो. त्याऐवजी यादीतील क्रमांकांना ‘आर’मध्येच पुढची शून्ये लावून घ्यावीत.

प्रश्नकर्ता (निपाणी)
शून्यांची अडचण आमच्याकडेही होती. दोन्ही बदल केल्यावर ‘एक्सप्लेन’मध्ये (क्वेरी कशी चालेल ते दाखवणाऱ्या आज्ञेत) इंडेक्स स्कॅन, म्हणजे इंडेक्सचा वापर, दिसू लागला आणि मेमरीचा प्रश्न मिटला. मात्र यादीत जवळजवळ सर्व सभासद असले, की पुन्हा सीक्वेन्शियल स्कॅन (संपूर्ण कोष्टक सलग वाचणे) दिसतो. तो टाळावा का?

उत्तर (बेळगाव)
टाळू नये. बहुतेक ओळी लागणारच असतील, तर कोष्टक सलग वाचून हॅश जोडणी (एका बाजूच्या ओळी मेमरीत मांडून दुसऱ्या बाजूशी जुळवणे) करणे हेच सहसा स्वस्त पडते, आणि प्लॅनर (क्वेरी कशी चालवायची ते ठरवणारा पोस्टग्रेसचा भाग) तसा निर्णय घेत असेल तर त्याला इंडेक्सकडे बळेच वळवू नये. आपण नेहमी एकाच हंगामाची बिले पाहत असाल, तर सभासद क्रमांक आणि हंगाम या दोन्हींवर मिळून, त्याच क्रमाने, एक इंडेक्स करून पाहावा. गळीत चालू असताना मात्र साधा ‘क्रिएट इंडेक्स’ देऊ नका, कारण तो पूर्ण होईपर्यंत त्या कोष्टकात नवी नोंद होत नाही आणि काट्यावर बैलगाड्या-ट्रॅक्टरांची रांग लागेल. ‘क्रिएट इंडेक्स कन्करंटली’ वापरा, त्याला वेळ अधिक लागतो आणि तो ट्रान्झॅक्शनच्या (एकत्रच पूर्ण किंवा रद्द होणाऱ्या आज्ञांच्या गटाच्या) आत चालत नाही, पण नोंदी अडत नाहीत. तो मध्येच फसला, तर अवैध इंडेक्स मागे राहतो; तो आधी काढून टाकावा आणि मगच पुन्हा सुरुवात करावी.